थंडीतली कवायत

पौष महिन्यातला शनिवार. सकाळचे सात वाजून गेलेले. बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातले अमडापूर हे गाव अजून पुरते उबेला आलेले नाही. टेकडीवरच्या बल्लाळदेवीच्या देवळावर उन्हाची पहिली तिरीप पडली आहे, पण खाली गावात घराघरांतून निघालेला धूर जमिनीलगतच रेंगाळतो आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर पऱ्हाट्यांच्या शेकोट्या पेटल्या आहेत. त्यांच्याभोवती म्हातारी माणसे बसली आहेत, आणि त्यांच्या समोरून दोन्ही हात काखेत धरून, तोंडातून वाफा सोडत मुले शाळेकडे निघाली आहेत. शनिवारची शाळा सकाळची. आधी प्रार्थना, मग कवायत. आणि कवायत म्हटली की एक हुकूम ठरलेला, ‘स्वेटर काढा आणि रांगेत या!’

ज्यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रात झाले, त्यांतल्या बहुतेकांच्या कानात हा हुकूम आजही असेल. आज मला याच हुकमाविषयी बोलायचे आहे. थंडीत मुलांनी मैदानावर काय घालून खेळावे, हा प्रश्न वरवर आईच्या काळजीचा वाटतो. पण त्याच्या मागे शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात घोंगडी आहे, कापूस आहे, इंग्रजांची खाकी आहे, अमरावतीचा आखाडा आहे आणि तिबेटमधून आलेले निर्वासितही आहेत.

आधी या थंडीची ओळख करून घेऊ. वऱ्हाड म्हटले की बाहेरच्या माणसाला फक्त उन्हाळा आठवतो. पण बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा हा घाटाखालचा मुलूख. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, लोणार हा घाटावरचा. खुद्द बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. अमडापूर चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटमाथ्यावरच येते. येथे हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशात सोडून देते. ती अडवून धरायला ढग नसतात. त्यातच उत्तरेकडचे कोरडे वारे सुटले की पहाटेचा पारा झपाट्याने उतरतो. सगळ्या विदर्भाचेच हे लक्षण आहे. उन्हाळ्यासाठी बदनाम असलेल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते.

पण या थंडीचा खरा स्वभाव वेगळाच आहे. ती दिवसभर टिकत नाही. सकाळी सातला हुडहुडी भरते आणि बाराला अंगातला सदरा नकोसा होतो. युरोपातल्या मुलाला सकाळी चढवलेला कोट संध्याकाळपर्यंत चालतो. आपल्या मुलाला एकाच दिवसात दोन ऋतूंचे कपडे लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ इथेच आहे.

शाळा नव्हत्या किंवा विरळ होत्या, त्या काळी आपल्याकडे मुलांना थंडीत काय घालत? तान्ह्या मुलाला कुंची. डोक्यावर टोपीसारखी बसणारी आणि मागे पाठीवरून खाली लोंबणारी ही कुंची म्हणजे कान, मानगूट आणि पाठ एकदम झाकणारी मोठी हुशारीची रचना. थोड्या मोठ्या मुलाला बंडी. ऐपत असेल तर दोन पदरांत कापूस घालून शिवलेली. रात्री आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. शेतावर जाणाऱ्या पोराच्या खांद्यावर धनगरी घोंगडी. दख्खनच्या मेंढीची लोकर जाडीभरडी असते, अंगाला टोचते, पण तिचा एक गुण मोठा आहे. आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही लोकर अंगाला ओली लागत नाही. दहिवराने भिजलेल्या शेतातून हिंडणाऱ्या मुलाला घोंगडीच का हवी, हे विज्ञान न शिकलेल्या आजोबांना ठाऊक होते.

कार्तिकातल्या काकड्यालाही मुले पहाटे देवळात जात, ती अशीच गुरफटून. म्हणजे मुलाने थंडीत घराबाहेर पडावे, याला कोणाची ना नव्हती. आयुर्वेदाने तर हेमंत ऋतू हा व्यायामाला उत्तम मानला. या काळात भूक चांगली लागते, अंगात बळ असते, म्हणून अंगाला तेल लावावे, व्यायाम करावा, ऊन घ्यावे आणि उबदार वस्त्रे वापरावीत, असे ऋतुचर्येत सांगितले आहे. वाग्भटाने व्यायामाचे मापही दिले. बलवान माणसानेही थंडीत आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा. इथे तेल, व्यायाम, ऊन आणि वस्त्र या चारही गोष्टी एकत्र येतात. नंतरच्या काळात आपण व्यायाम तेवढा ठेवला आणि वस्त्र विसरलो.

तालमीतला पैलवान तर कडाक्याच्या थंडीत नुसत्या लंगोटावर असतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तो लाल मातीच्या बंदिस्त हौद्यात असतो, वाऱ्यावर नसतो. आल्याबरोबर तो कुस्तीला भिडत नाही. आधी अंगाला तेल, मग जोर-बैठका. घाम फुटला की मग कुस्ती. आणि कुस्ती झाली की लगेच अंगावर घोंगडी किंवा चादर. उघड्या अंगाने व्यायाम करण्यालाही एक शिस्त होती आणि तिच्या दोन्ही टोकांना ऊब होती.

मग ‘स्वेटर काढा’ हा हुकूम आला कुठून? त्यासाठी थोडे लांब जावे लागेल. इंग्लंडमध्ये जॉन लॉक नावाचा मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. १६९३ साली त्याने मुलांच्या शिक्षणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने सल्ला दिला की मुलांना हिवाळ्यातही फार उबदार कपडे घालू नयेत, त्यांचे पाय रोज थंड पाण्याने धुवावेत आणि त्यांचे जोडे इतके पातळ असावेत की त्यातून पाणी आत शिरावे. असे केल्याने मूल काटक होते, असे त्याचे मत. लॉक स्वतः आजन्म अविवाहित होता, हेही सांगायला हवे. पण त्याचा विचार इंग्रजी शाळांत मुरला. तिथे लहान मुलांनी भर हिवाळ्यातही अर्ध्या चड्डीत राहायचे, ही रीतच पडली.

दुसरा धागा लष्कराचा. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडे हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने आपल्या ‘गाइड्स’ पथकाला मातकट रंगाचा गणवेश दिला. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. पुढे उष्ण प्रदेशातल्या गोऱ्या सैन्याने त्याच कापडाची अर्धी चड्डी करून घेतली. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी बालवीरांचे पहिले शिबिर भरवले आणि हीच अर्धी चड्डी जगभरच्या मुलांच्या अंगावर चढली. आपल्या गावोगावच्या शाळांत पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी आली, ती या वाटेने. म्हणजे उन्हाळी मुलखातल्या सैनिकासाठी बेतलेला पोशाख आपण बारमाही करून टाकला, आणि त्याला लॉकच्या कणखरपणाचे तत्त्वज्ञान आपोआप चिकटले. मास्तर स्वतः मफलर गुंडाळून शिट्टी वाजवत आणि मुले उघड्या गुडघ्यांनी कवायत करत. हे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यातला विरोधाभास वेगळा सांगायला नको.

वऱ्हाडाला मात्र या विषयात स्वतःची परंपरा होती. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, हुतूतू या देशी खेळांना तिथे शास्त्रशुद्ध रूप मिळाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. या खेळांत कपडे कमीच असत आणि त्याला कारण होते. कबड्डीत सैल सदरा म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिलेला कासरा. मल्लखांबावर कापड घसरते. खो-खोत अनवाणी पायाची मातीवर पकड चांगली बसते. पण या आखाड्यांतही अंग तापवल्याशिवाय खेळाला सुरुवात होत नसे. सूर्यनमस्कार हे त्या अर्थाने मुलाचे पहिले गरम वस्त्रच होते. शाळेने खेळ घेतला, लेझीमही घेतली, पण वेळापत्रकाच्या धांदलीत अंग तापवण्याची ती पहिली दहा मिनिटे मधल्यामध्ये गळून गेली.

आता दुसरी गंमत पाहा. अमडापूरहून घाट उतरला की खामगाव लागते. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची कापूसपेठ इतकी महत्त्वाची ठरली की १८७० मध्ये जलंबपासून तिथपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर राहिले. साऱ्या जगाला वस्त्र पुरवणारा हा मुलूख! पण तिथल्या शेतकऱ्याच्या पोराच्या अंगावर हिवाळ्यात एकच सुती सदरा. आणि थंडीतल्या खेळासाठी एकेरी सुती सदऱ्याइतके गैरसोयीचे कापड दुसरे नाही.

याचे कारण सोपे आहे. कपडा आपल्याला ऊब देत नाही; ऊब शरीराचीच असते. कपडा फक्त शरीराभोवती हवेचा एक थर धरून ठेवतो. हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी मात्र हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. मूल धावते, घाम येतो, सुती सदरा तो पिऊन टाकतो आणि अंगाला चिकटतो. हवेच्या जागी पाणी आले. धावत असेपर्यंत काही कळत नाही. पण खेळ संपला, मुले रांगेत बसली, पाहुण्यांचे भाषण सुरू झाले आणि वारा सुटला, की त्याच ओल्या सदऱ्याने मूल काकडू लागते. लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, म्हणून त्याची ऊबही लवकर निघून जाते. म्हणजे धोका धावण्यात कमी असतो आणि धावून झाल्यावर थांबण्यात जास्त. आपण नेमके उलटे करतो. धावताना मूल गुरफटलेले असावे म्हणून आई धडपडते आणि बसताना ते उघडे आहे इकडे कोणाचेच लक्ष नसते.

आणखी एक समज जाता जाता दूर करायला हवा. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे सांगून मुलांना माकडटोपी चढवली जाते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००८ मध्ये ज्या वैद्यकीय भाकडकथांचा समाचार घेतला, त्यात ही एक होती. डोक्याचा वाटा साधारण त्याच्या आकाराइतकाच असतो. अर्थात लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, म्हणून कानटोपी हवीच. पण कानटोपी घातली आणि पाय अनवाणी ठेवले, तर हिशेब जुळत नाही. ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे, त्यांना थंड कोरड्या हवेत एकदम धावल्याने धाप लागू शकते. अशा मुलाच्या नाकातोंडावर रुमाल आणि धावण्याआधी सावकाश चालणे, एवढे भान शिक्षकांनी ठेवले तरी खूप झाले.

स्वेटर आपल्याकडे तसा अलीकडचा पाहुणा. मध्यमवर्गीय घरांत दोन सुयांवरचे विणकाम शिरले आणि मासिकांमधून नमुने येऊ लागले. दुपारच्या वेळी बायकांच्या हातांत लोकरीचे गुंडे दिसू लागले. भाच्याला लहान झालेला स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन वाळवायची आणि त्याचाच धाकट्याला नवा विणायचा, ही काटकसर कित्येक घरांनी केली. पुढे कृत्रिम धाग्याची स्वस्त लोकर आली आणि स्वेटर खेड्यापर्यंत पोचला.

पण स्वेटर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणण्यात एका अनपेक्षित समाजाचाही हात आहे. १९५९ नंतर तिबेटमधून हजारो निर्वासित भारतात आले. त्यांच्यातल्या अनेकांनी पोटासाठी हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकण्याचा धंदा धरला. आपल्या विदर्भातच, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, १९७२ मध्ये नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत वसली. लुधियानाच्या कारखान्यांतून घाऊक माल आणायचा आणि दिवाळीनंतर शहराशहरांत रस्त्याकडेला तंबू ठोकून तो विकायचा, हा त्यांचा शिरस्ता. बर्फाळ मुलखातून हाकललेल्या माणसांनी उन्हासाठी प्रसिद्ध असलेल्या विदर्भातल्या मुलांना ऊब पुरवावी, हा इतिहासाचा मोठा हृद्य योगायोग आहे.

आणि इथेच एक आठवण सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता, धावण्यात सगळ्यांच्या पुढे. अशाच एका थंडीच्या सकाळी आंतरवर्गीय स्पर्धा होत्या. हुकूम सुटला, ‘स्वेटर काढा.’ सगळ्यांनी काढले, हा काढेना. शिक्षकांनी दोनदा सांगितले, मग खडसावले, मग त्याला रांगेतून बाहेर काढून झाडाखाली उभे केले. शर्यत त्याच्याशिवाय झाली. मधल्या सुट्टीत मी त्याला विचारले, ‘काढला का नाहीस रे?’ त्याने स्वेटरची खालची कड थोडी वर केली. आत सदरा नव्हताच. एकच सदरा होता आणि तो धुऊन अजून वाळायचा होता.

त्या दिवसापासून मला कळले की मुलाच्या अंगावरचे कापड थंडीइतकेच लाजेपासूनही त्याला वाचवत असते. शिक्षक वाईट नव्हते. त्यांना वाटले पोरगा हट्टी आहे. पण हुकूम देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो कोणी विचारला नाही. आणि याच्या उलट अनुभवही सर्वत्र येतो. शाळेने ठरवलेल्या एका ठराविक रंगाचाच स्वेटर हवा, या नियमापायी घरी दुसऱ्या रंगाचा उबदार स्वेटर असूनही मूल कुडकुडत येते.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. सर्व शिक्षा अभियानापासून मोफत गणवेश आला. २०१८-१९ पासून दोन गणवेशांसाठी प्रति विद्यार्थी सहाशे रुपयांची तरतूद झाली. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात बूट आणि पायमोजे देण्याचाही निर्णय झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शासनाने ठरवले. त्यामागचे मुख्य कारण मुलांची झोप हे असले तरी धाकट्यांची थंडीतून सुटका झाली. पण या गणवेश योजनेत सदरा आला, बूट आले, पायमोजे आले. स्वेटर मात्र पालकांच्या खिशावरच राहिला. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात १९०८ साली अशक्त मुलांसाठी मोकळ्या हवेतली शाळा सुरू झाली. खिडक्या सताड उघड्या ठेवून भर हिवाळ्यात वर्ग चालत. पण मुलांना गुरफटून बसण्यासाठी उबदार पिशव्या शाळेतच मिळत. मोकळी हवा शाळा देणार, तर ऊबही शाळेने द्यायची, हा साधा न्याय त्यांनी पाळला.

मग करावे काय? फार काही नाही. अंगात बनियन, त्यावर सदरा, त्यावर स्वेटर. तीन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा बरे, कारण त्यांच्यामध्ये हवा राहते आणि ऊन चढेल तसा एकेक उतरवता येतो. मैदानावर आल्याबरोबर स्वेटर काढायचा नाही. आधी दहा मिनिटे चालणे, संथ धावणे, सूर्यनमस्कार. अंग तापले की मग स्वेटर काढा. खेळ संपला की घाम पुसून, शक्य असेल तर बनियन बदलून, स्वेटर पुन्हा अंगात. मुलींना खेळताना पायघोळ कपड्यांची अडचण होते, त्यांना पायभर पँट द्यावी. आणि भाषणे आटोपती घ्यावीत. हे औषध सर्वांत स्वस्त आहे.

राहता राहिला तो मुलगा, ज्याच्याजवळ काढायला स्वेटर नाही किंवा स्वेटरच्या आत सदरा नाही. या मातीत गाडगेबाबा होऊन गेले. स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडणाऱ्या या माणसाने देवधर्माच्या यादीत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांना वरचे स्थान दिले; गरीब मुलामुलींच्या शिक्षणालाही त्याच यादीत बसवले. दर शाळेत एक पेटी असावी. वर्षभरात मुले वाढतात, स्वेटर आखूड होतात. ते धुऊन त्या पेटीत पडावेत आणि ज्याला लागेल त्याने कोणाला न विचारता, कोणाला न सांगता त्यातून घ्यावेत. रंग कोणताही असो. हे काम एखादी बाई, एखादा शिक्षक, एखादा माजी विद्यार्थीसुद्धा सुरू करू शकतो; त्याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या शनिवारी अमडापूरच्या टेकडीवर पुन्हा ऊन पडेल, मुले पुन्हा रांगेत उभी राहतील. थंडीत त्यांनी खेळावे, भरपूर खेळावे. हा ऋतू त्यासाठीच आहे. फक्त हुकूम थोडा बदलावा. ‘स्वेटर काढा’ म्हणण्याआधी मास्तरांनी रांगेवरून एक नजर फिरवावी आणि विचारावे, ‘अंग तापले का रे पोरांनो?’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)